गल्लीच्या नजरेतून चालताना

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'सुरुवात' हा विषय कळवला आणि मला आठवला तो सोलापुरात घरोघरी जाणवलेला, पण कुणीच मोठ्यानं न विचारलेला एक प्रश्न. ज्यांचं वजन बरंच वाढलेलं आहे आणि चारचौघांत वावरताना ज्यांना त्याचा संकोच वाटतो, त्यांनी व्यायामाला सुरुवात करायची तर कुठून? व्यायाम करावा हे त्यांना सांगणाऱ्यांची कमी नसते. डॉक्टर सांगतात, नणंद सांगते, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला परका माणूसही सांगतो. चपला घालून दाराबाहेर पडायचं कसं, एवढंच कुणी सांगत नाही.

त्याचं उत्तर शोधायला मी भवानी पेठेत हिंडले. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती, तुळजापूर वेशीकडे जाणारे रस्ते आणि त्यांना फुटलेले बोळ. इथं घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. ओट्यावर बसायची, दार उघडं ठेवायची रीत अजून टिकून आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच बोळात कानावर पडतात. कोण कुठं निघालं याची खबर निघणाऱ्याच्या आधी कोपऱ्यावर पोचते. ही जवळीक अडीनडीला धावून येते. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं तर चार जण उभे राहतात. आणि हीच जवळीक पहाटे बूट घालून निघालेल्या जाड बाईला उंबऱ्यावर अडवते.

उंबऱ्यावरचा अडसर

सोलापूर शाळेच्या गणवेशांच्या शिलाईसाठी ओळखलं जातं. त्या कामाचे गठ्ठे घरी आणून शिवणारी, चाळिशीची एक बाई मला भेटली. मशीन खिडकीशी, पायाशी निळ्या कापडाचा ढीग, आणि कपाटावर बुटांचं खोकं. बूट तिनं हौसेनं घेतले होते. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावर मोटारसायकलवर रेलून उभ्या असलेल्या पोरांपैकी एक म्हणाला, "काकू, सावकाश जावा, रस्ता खचंल की." बाकीचे हसले. ती तिथूनच वळली.

"पोराचा राग नाही हो अक्का," ती म्हणाली. "त्याचं हसणं मिनिटाचं. माझं निघणं वरीसभर बंद पडलं."

हे बोलणं मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. बाजार समितीत हिशेब लिहिणाऱ्या एका तरुणानं जिमचे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले होते. तिथं समोर भिंतभर आरसा आणि मागं रांगेत उभी राहणारी पिळदार मुलं. ट्रेडमिलवर चढताना पट्टा कुरकुरला, तेवढ्यानं त्याच्या कानशिलात रक्त चढलं. तो पुन्हा गेला नाही, आणि घरी मात्र 'पोरगं आळशी आहे' असा शिक्का बसला.

आळस हा शब्द आपण फार पटकन वापरतो. २००८ साली लेनी वर्तानियन आणि जॅकलिन शॅप्रो या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या पाहणीत दिसलं, की वजनावरून ज्यांना जास्त बोलणी खावी लागली, त्यांच्यात व्यायाम टाळण्याची ओढही जास्त होती. चिडवल्यानं माणूस ईर्ष्येनं पेटून उठतो, ही आपली लाडकी समजूत आहे. प्रत्यक्षात चिडवलेला माणूस दार लावून घेतो.

चिडवणारी नेहमी कोपऱ्यावरची पोरंच असतात असंही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी लेखिका शोभा डे यांनी एका अतिस्थूल पोलीस अधिकाऱ्याचं छायाचित्र टाकून बंदोबस्तावर कोटी केली. तो अधिकारी मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेश पोलिसांतला निरीक्षक होता. वजन सुमारे १८० किलो. जुन्या आजारपणानंतर वजन वाढत गेल्याचं त्यानं सांगितलं. देशभर हसून झालं, मग हळहळून झालं, आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत त्याच्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली. त्याचं वजन पुढं बरंच उतरलं. म्हणून काही जण म्हणतात, 'बघा, हसल्याचा फायदाच झाला.' मला हे मान्य नाही. त्याला उपयोग झाला तो डॉक्टरांचा. हसणं आधी किती वर्षं चाललं असेल, त्यानं तर कधी एक किलो उतरवला नव्हता.

एक दिलासा मात्र संशोधनात सापडतो. २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओशाळवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं गेलं. निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम चौघांत एकाच्या लक्षात आला. आपल्याकडे जितके डोळे लागलेत असं वाटतं, त्याहून कमी लागलेले असतात. पण टी-शर्ट घरी जाऊन बदलता येतो, शरीर बदलता येत नाही. आणि बोळात बघणारे परके नसतात, रोजचेच असतात. त्यामुळे 'लोकांकडे लक्ष देऊ नकोस' हा सल्ला देणाऱ्याला सोपा आणि घेणाऱ्याला अवघड जातो.

बसून केलेले कष्ट

या पेठेत आणि लागून असलेल्या पूर्व भागात कष्ट न करणारं घर सापडणं कठीण. कष्टांचा प्रकार मात्र पाहायला हवा. यंत्रमागावरचा कामगार मागांमधून दिवसभर उभा, चालता असतो. विडी वळणारी बाई मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन बसते. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायला दिवसाचा मोठा भाग जातो आणि त्या वेळात हलतात ती फक्त बोटं. शिलाईवालीचं तेच. संध्याकाळी पाठ मोडून आलेली असते, मान धरलेली असते, म्हणजे शरीर थकलेलं असतं. पण हृदयाला, फुप्फुसांना आणि मांडीच्या मोठ्या स्नायूंना काम मिळालेलंच नसतं. 'दिवसभर राबते तरी वजन वाढतंय' ही तक्रार म्हणून अगदी खरी असते.

मशीनवर काम करताना चहा घोटाघोटानं होत राहतो, साखरेसकट. जेवण दुपार उलटून, रात्रीचं आणखी उशिरा. त्यात बाळंतपणं, थायरॉइड, पाळी जाण्याचा काळ, काही औषधं, कमी झोप आणि आईबापांकडून आलेला बांधा. इतक्या धाग्यांतून वाढलेलं वजन एका 'तोंडावर ताबा नाही' या वाक्यात कोंबणं अन्यायाचं आहे.

ही एका पेठेची गोष्टही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाच्या किंवा स्थूल गटात आले. आपल्या शरीरात पोटाभोवती चरबी साठण्याकडे कल जास्त, म्हणून २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी मर्यादा खाली आणल्या: बीएमआय २३ पासून जास्त वजन, २५ पासून स्थूलता, कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत. हालचालीचं चित्रही असंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. बायकांत हे प्रमाण ५७ टक्के होतं, पुरुषांत ४२. हा फरक घरकाम, वेळ आणि रस्ता यांनी पडलेला आहे.

आणखी एक गोष्ट सडसडीत माणसाच्या ध्यानात येत नाही. साठ किलोच्या माणसाच्या पाठीवर चाळीस किलोचं पोतं द्या आणि त्याला सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत चालून यायला सांगा. शंभर किलोचा माणूस साधं चालतो तेव्हा एवढं काम रोज करत असतो. सपाटीवर चालताना दर पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार पडतो. त्याला धाप लागते ती कमकुवतपणाची खूण नव्हे. तो खरोखरच जड काम करतो आहे.

कोजागरीचा रस्ता

गेल्या वर्षी कोजागरीच्या आदल्या संध्याकाळी मी तुळजापूर रस्त्याच्या कडेला उभी राहिले. दसऱ्याला सीमोल्लंघन करून तुळजाभवानी श्रमनिद्रा घेते आणि अश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या दर्शनासाठी सोलापुरातून माणसांचा लोंढा पायी निघतो. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. जड वाहनं दुसरीकडून वळवलेली असतात आणि रस्ता चालणाऱ्यांचा होतो. वाटेत कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी पायाला तेल चोळून देतं.

मी मुद्दाम जाड माणसांकडे पाहत होते. कितीतरी होती. नऊवारीतल्या आज्या, पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधलेल्या बायका, घामानं शर्ट पाठीला चिकटलेले तरुण. कुणी अनवाणी, कुणी स्लिपरवर. दमले की रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसत होते, पाणी पिऊन उठत होते. त्यांच्याकडे पाहून कुणीही हसलं नाही. उलट मागून येणारा म्हणत होता, "चला मावशी, आई राजा उदो उदो!"

हीच माणसं दुसऱ्या आठवड्यात स्वतःच्या बोळातून अर्धा किलोमीटर चालायला का बिचकतात? शरीर तेच, पाय तेच, गावही तेच. त्या रात्री त्यांना चार गोष्टी मिळतात, ज्या एरवी मिळत नाहीत. निमित्त मिळतं, त्यामुळे 'कुठं निघालीस?' या प्रश्नाला मान उंच करून देता येईल असं उत्तर असतं. संगत मिळते. अंधाराचा आडोसा मिळतो. आणि कपड्यांची मोकळीक मिळते; घरात घालतो तेच घालून, हव्या त्या चालीनं, हवं तिथं बसत चालता येतं.

एका रात्रीत ४५ किलोमीटर हा काही व्यायामाचा नियम होऊ शकत नाही. सराव नसलेल्यांच्या तळव्यांना फोड येतात, गुडघे सुजतात, पुढचे कित्येक दिवस जिना चढवत नाही. मधुमेह्यांनी तर अनवाणी चालणं टाळायलाच हवं. पायाची जाणीव कमी झालेली असली तर जखम कळतही नाही. पण त्या रात्रीच्या चारही गोष्टी रोजच्या अर्ध्या तासात आणता येतात का, हा प्रश्न घेऊन मी पेठेत परत आले. काही जणींनी त्या आणल्या होत्या.

निमित्त, संगत, वेळ, कपडे

पहाटे रूपाभवानीच्या देवळाकडे जाणाऱ्या बायकांचा एक घोळका मला भेटला. त्यांच्यातली सर्वांत जाड बाईच त्यांची पुढारी होती. "व्यायामाला चालले म्हटलं की हसत्यात," ती म्हणाली. "देवीला निघाले म्हटलं की वाट देत्यात. मग मी देवीलाच जाते की. जाताना सावकाश, येताना जरा झपाझपा." तिची श्रद्धा खरी होती आणि चालणंही खरं होतं. कुणी दूध आणायला लांबच्या डेअरीत जातं, कुणी नातवाला शाळेपर्यंत पायी सोडतं. निमित्त म्हणजे खोटेपणा असं मानायचं कारण नाही. संकोचलेल्या माणसाला पहिले काही आठवडे ते आडोशासारखं लागतं; नंतर गरज उरत नाही.

संगतीत एक अट पाळावी लागते: वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा. सडपातळ मैत्रिणीच्या मागून धापा टाकत गेलं की पहिल्या दिवसाचा अनुभव पराभवाचा होतो. त्या घोळक्यात बोलणं अखंड चालू होतं, आणि वेग मोजण्याचं तेच उत्तम साधन. चालता चालता बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम श्रमाचा वेग. दोन शब्दांनंतर थांबावं लागलं तर वेग कमी करायचा.

वेळेचं गणित सोलापुरात कडक आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, सकाळी आठलाच रस्ता तापतो. जाड शरीरातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्यात पहाट किंवा रात्रीच्या जेवणाआधीची वेळ बरी. पहाटेला दोन अडचणी. एक मोकाट कुत्री. म्हणूनही संगत हवी. दुसरी पाणी. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि पाण्याच्या दिवशी घरातली बाई नळ सोडून हलू शकत नाही. घागरी, पिंप, टाकी सगळं भरून होईपर्यंत ऊन वर आलेलं असतं. वेळापत्रक मोडलं की मन म्हणतं, झालं, सुटलं आपल्याच्यानं. त्या घोळक्यानं यावर तोड काढली होती: पाण्याचा दिवस हा सुट्टीचाच दिवस, आधीच ठरवलेला. ठरवून घेतलेली सुट्टी सातत्य मोडत नाही.

कपड्यांबद्दल मोकळेपणी बोलायला हवं, कारण अनेकांचं चालणं इथंच थांबतं आणि ते कुणाला सांगवत नाही. मांडीला मांडी घासून कातडी सोलवटते. घामात, परकराखाली, दुसऱ्या दिवशी पाऊल टाकवत नाही. उपाय साधा आहे: गुडघ्यापर्यंतची घट्ट, मऊ चड्डी आतून घालायची, आणि निघण्यापूर्वी मांड्यांना, काखेत, छातीखाली व्हॅसलीन किंवा खोबरेल लावायचं. छातीला नीट आधार देणारी अंतर्वस्त्रं ही बायकांसाठी बुटांइतकीच महत्त्वाची. नाहीतर पाठ आणि खांदे दुखतात. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पुढं रुंद आणि टाचेला जाड असावेत. साडीवर बूट घालायची लाज वाटत असेल तर पट्ट्याची, जाड तळाची सँडल चालते. पातळ स्लिपर मात्र नको, टाच दुखायला लागते ती त्यानंच.

पहिले आठवडे

आपण सुरुवात फार मोठी करतो. सोमवारपासून रोज एक तास, भात बंद, साखर बंद. गुरुवारी अंग दुखतं आणि सगळंच सुटतं. ज्यांचं टिकलं होतं, त्यांची सुरुवात ऐकताना क्षुल्लक वाटावी इतकी छोटी होती: कोपऱ्यापर्यंत आणि परत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सुचवली. त्याच वेळी एक जुनी अट काढून टाकली. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी चालणं हिशेबात धरत नसत, आता प्रत्येक मिनिट धरतात. जड शरीरासाठी हा फार मोठा बदल आहे. सकाळी पाच मिनिटं, दुपारी पाच, जेवणानंतर पाच. दर आठवड्याला फेरीमागं दोन-तीन मिनिटं वाढवायची. दहा हजार पावलांचा धसकाही घेऊ नये. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राच्या विक्रीतून रूढ झाला. वयस्क स्त्रियांवरच्या २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात रोज सुमारे २,७०० पावलांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढं फायदा फारसा वाढला नाही.

मराठी घरांत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याचं लक्ष्य माहीत झालं आहे. ते गाठण्याचं ठिकाण आहे. शंभरीपार वजन असताना पहिल्या दिवशी त्या वेगानं निघालं तर टाच किंवा गुडघा बोलायला लागतो.

ज्यांना बाहेर पडणं अजून जमत नाही, त्यांनी घरातून सुरुवात केली तर ती कमी प्रतीची ठरत नाही. विडी वळणाऱ्या एका बाईनं करून दाखवलं. प्लॅस्टिकची नको, लाकडी भक्कम खुर्ची भिंतीला टेकवलेली. तिच्यावर बसायचं, हात छातीशी, पुढं झुकायचं, टाचांवर जोर देऊन उठायचं, आणि धप्पकन न बसता मोजत खाली यायचं. सुरुवातीला ती हात टेकून पाच वेळा उठायची, आता न टेकता. मग भिंतीपासून हातभर लांब उभं राहून भिंतीवर जोर मारायचे. मग चौकटीला धरून टाचा वर-खाली. हजारातल्या प्रत्येक शंभर विड्यांनंतर ती हे करते. खुर्चीतून उठणं म्हणजे बैठकच; मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण कमी होतो आणि चालणं सोपं जातं.

वजन फार असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी तपासणी करावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालण्याची वेळ आणि औषधाची वेळ डॉक्टरांकडून जुळवून घ्यावी, खिशात साखर ठेवावी. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, बसूनही न शमणारी धाप, यांपैकी काही जाणवलं तर थांबून ताबडतोब दवाखाना गाठायचा. रात्री मोठ्यानं घोरणं आणि दिवसा डुलक्या हेही डॉक्टरांना सांगावं. झोपेत श्वास अडकत असेल तर व्यायामाला अंगात त्राण कुठून येणार?

तालीम आणि खुर्ची

सोलापूर तालमींचं शहर आहे. पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं उत्सवांमुळे सर्वांना ठाऊक आहेत. जुन्या तालमीच्या रीतीत मला एक शहाणपण दिसतं. तिथं भारदस्त शरीराला मान होता. वजनदार पोरगा आला की वस्ताद हसत नसे, जोड शोधत असे. आणि पहिल्या दिवशी कुणी हजार बैठका मारायला लावत नसे. सिद्धेश्वर यात्रेतले उंच, जड नंदीध्वज पेलणारे मानकरीही यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव धरतात. भार हळूहळू वाढवायचा, हे या मातीला नवीन नाही. फक्त तालमीचं दार बायकांसाठी उघडं नव्हतं.

महाराष्ट्रानं व्यायामाला दोन मोठ्या देणग्या दिल्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत, घराघरांत नेले. पण अतिजड शरीराला सूर्यनमस्कारात मनगटावर आणि गुडघ्यावर भार येतो, वाकताना पोट आडवं येतं. इथं दुसरी देणगी उपयोगी पडते. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले, १९७५ मध्ये त्यांची योगसंस्था तिथं उभी राहिली, आणि त्यांनी आसनांत खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, भिंतीतला दोर आणला. आसन शरीराकडे आणायचं, शरीराला आसनासाठी मोडायचं नाही, हा त्यामागचा विचार. त्याच रीतीनं सूर्यनमस्कारही खुर्चीच्या पाठीला धरून उभ्यानं करता येतो. गुरू असा असावा, जो विद्यार्थ्याला पाहून आधी खुर्ची आणायला उठतो.

काटा काय सांगतो

महिनाभर चालून वजनकाट्यावर उभं राहावं आणि काटा जेमतेम हललेला दिसावा, इथं पुष्कळ जण सोडतात. त्यांना आधीच सांगायला हवं, की नुसत्या चालण्यानं वजन सावकाश उतरतं. उतरवायचं तर ताटाकडेही पाहावं लागतं. पण चालण्याची कमाई काट्याच्या बाहेर आधी दिसते. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि हालचाल सुधारलेल्यांत तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८ टक्क्यांहून अधिक घटला, तोही वजनात फारसा फरक न पडता. रक्तातली साखर, रक्तदाब, झोप, मनाची उभारी, सगळं काट्याआधी बदलायला लागतं.

शिवाय थोडं उतरलं तरी ते थोडं नसतं. गुडघेदुखी असलेल्या स्थूल लोकांवरच्या २००५ च्या अमेरिकी अभ्यासात दिसलं, की एक किलो वजन घटलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. दिवसाची दोन-तीन हजार पावलं धरली तरी हिशेब मोठा होतो.

म्हणून मोजायचं तर वेगळं मोजावं. देवळापर्यंत किती वेळा बसावं लागलं? जमिनीवरून उठताना हात टेकावा लागला का? रूपाभवानीच्या घोळक्यातली पुढारीण म्हणाली, "वजन किती ते मी बघतच नाही. रिक्षा न करता माझ्या लेकीच्या घरी गेले, तवा कळलं."

गल्लीनं काय करायचं

इतकं हिंडल्यावर माझं एक मत पक्कं झालं. जाड माणसाच्या व्यायामाची सुरुवात आपण त्याच्या जिद्दीवर सोपवून मोकळे होतो. जिद्द त्याच्याकडे आहेच. एवढं वजन घेऊन संसार ओढणाऱ्याला जिद्द शिकवू नये. त्याला हवी आहे ती कुणी न हटकणारी जागा, आणि ती देणं इतरांच्या हातात आहे.

सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे आपलं तोंड. चालणाऱ्या जाड माणसाला टोमणा नको, सल्ला नको, आणि 'अगं बाई, बारीक झालीस की' ही शाबासकीही नको, कारण तिच्यामुळे शरीर पुन्हा चर्चेत येतं. इतरांशी बोलतो तसं बोलावं: पोरं कशी आहेत, पाणी कधी आलं. कोपऱ्यावरच्या पोरांना मात्र बोलायला हवं, आणि ते त्यांच्याच घरच्यांनी.

मंडळांची सभागृहं, समाजमंदिरं सकाळी रिकामी असतात. रोज एक तास दार लावून फक्त बायकांसाठी ठेवली, चार भक्कम खुर्च्या आणि एक पंखा दिला, तर पेठेत खर्चाविना व्यायामशाळा उभी राहते. रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरावर बसायला कट्टे आणि पहाटे चालू राहणारे दिवे हवेत. जो दहा पावलांवर बसू शकतो तो अकरावं पाऊल टाकायला धजावतो. जिमवाल्यांनी आरशापासून लांबचा एक कोपरा आणि जास्त वजन पेलणारी साधनं ठेवावीत, आणि नव्या माणसाशी पहिल्या दिवशी बोलावं ते त्याच्या गुडघ्यांबद्दल, झोपेबद्दल, पोटाबद्दल नव्हे.

आणि घरानं? बाईचा पहाटेचा अर्धा तास आकाशातून पडत नाही. तो घरातल्या कुणाच्या तरी कामातून काढावा लागतो. डबा थोडा उशिरा झाला तर चालेल, असं नवऱ्यानं म्हणावं लागतं. चहा मुलानं करावा लागतो. आणि पाण्याच्या दिवशीही तिला चालायला जावंसं वाटलं, तर त्या दिवशीचं पाणी घरातल्या दुसऱ्या कुणी तरी भरलं पाहिजे.